राजीनामा मागे का घेतला? पुण्यातल्या एका हॉस्पिटल फार्मासिस्टचं प्रकरण

पुण्यातल्या दीडशे खाटांच्या एका खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्या फार्मासिस्टने रुजू झाल्यावर आठव्याच महिन्यात राजीनामा दिला. हिंजवडीतल्या जुन्या कंपनीने तिला परत बोलावलं होतं आणि पगार जवळपास दुप्पट होता. फार्मसी प्रमुखांनी कागद वाचला आणि मनाशी कारण पक्कं केलं: पैसा. तसं वाटणं साहजिकच होतं. पण हीच मुलगी चार वर्षं तो पगार घेऊन, मग स्वतःहून तो सोडून या हॉस्पिटलात आली होती. जिला पगार धरून ठेवू शकला नाही, ती पगारासाठी परत चालली आहे, हे गणित जुळत नव्हतं. ते का जुळत नव्हतं, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

फार्मसीच्या विद्यार्थ्यांशी चर्चा करण्यासाठी मी हे प्रकरण रचलं आहे. यातली फार्मासिस्ट, दुकान, कंपनी आणि हॉस्पिटल ही कोणा एकाची ओळख नाही. कामाची रीत, कायदे आणि औषधांचे डोस मात्र जसे आहेत तसेच ठेवले आहेत.

सिंहगड रस्त्यावरचं मेडिकल

ती मूळची मंचरकडची, वय एकतीस. घरातली पहिली पदवीधर. चार वर्षांची बी. फार्म. झाल्यावर महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी हातात आली, तेव्हा पहिलं बोलावणं आलं ते कामाचं नव्हतंच. एका दुकानदाराने ओळखीतून निरोप पाठवला होता: "मॅडमना रोज यायची गरज नाही. सर्टिफिकेट लावू, महिन्याच्या महिन्याला पैसे पोचतील." या धंद्यात ज्याला 'सर्टिफिकेट लावणं' म्हणतात ते हेच. भिंतीवर चौकटीत फार्मासिस्टचं नाव, आणि काउंटरवर दुसराच कोणी. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यातल्या ६५व्या नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना याच मुद्द्यावरून राज्यभर दुकानांवर कारवाई झाली होती आणि केमिस्टांनी मोठा विरोध केला होता, हे अनेकांच्या लक्षात असेल. तिने त्या निरोपाला नकार दिला. चार वर्षं शिकायचं आणि मग फक्त आपला कागद कामाला पाठवायचा, हे तिला पटेना.

मग सिंहगड रस्त्यावर एका मेडिकलमध्ये तिला काम मिळालं. मालकांना खरंच बसणारी फार्मासिस्ट हवी होती. सकाळची गर्दी, मधल्या वेळात एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी), स्टॉकिस्टकडून आलेल्या मालाची बिलं, एक्सपायरी जवळ आलेल्या स्ट्रिपा बाजूला काढणं, फ्रिजमधलं इन्सुलिन. कंटाळा यायला सवड नव्हती.

या दोन वर्षांतली एक सकाळ ती अजूनही सांगते. सांधे सुजलेल्या एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, रविवारी. सोबत फॉलिक ॲसिड. काउंटरवरच्या पोऱ्याने सवयीने पाकिटावर लिहिलं, 'सकाळी १'. संधिवातात आठवड्याला एकदा घ्यायचं हे औषध रोज पोटात गेलं तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी घसरतात, माणूस दगावतोही. जगभर वारंवार नोंदली गेलेली ही चूक आहे. तिने पाकीट परत घेतलं, ठळक अक्षरांत 'फक्त रविवारी' लिहिलं, आजींकडून दोनदा वदवून घेतलं आणि मुलाचा नंबर मागून त्यालाही सांगितलं. पुढच्या महिन्यात आजी आल्या त्या "त्या मॅडम कुठायत?" असं विचारतच.

त्या सकाळी मागे रांग लागली होती. मालक नंतर म्हणाले, "मॅडम, चांगलं केलंत. पण इतका वेळ समजावत बसलात तर काउंटर कसं चालायचं?" मालकांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मी ते करणार नाही. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा २०१३च्या किंमत नियंत्रण आदेशाने १६ टक्के ठरवला आहे. त्यातून भाडं, वीज, पगार, फुटलेला आणि मुदत संपलेला माल, वर मोबाइलवरच्या ॲपने दिलेल्या सवलतीशी बरोबरी. समजावून सांगण्याचा वेगळा पैसा आपल्याकडे कोणी देत नाही. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाला सल्ला देणं हे फार्मासिस्टचं काम मानलं, पण त्या सल्ल्याची किंमत बिलात कुठे मांडायची, हे कोणाला सुचलेलं नाही.

ती दुकान सोडून गेली त्याचं कारण मात्र वेगळं होतं. अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी, झोप आणणारी गोळी मागायला चिठ्ठीशिवाय माणसं यायची. हे शेड्यूल एच१ या कडक नियमांच्या यादीतलं औषध. १ मार्च २०१४ पासून त्याची वेगळी नोंदवही ठेवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. ती वही तीन वर्षं जपून ठेवायची. चिठ्ठी नसली की ती नकार द्यायची. तो माणूस पाच मिनिटांनी, ती आत माल लावत असताना, परत यायचा आणि दोन गोळ्या घेऊन जायचा. नोंदीवर नाव तिचं, सही तिची, आणि नकाराला किंमत शून्य. हे तीन-चारदा झालं आणि तिने हिंजवडीत अर्ज केला.

हिंजवडी

पुण्यात फार्मसी शिकलेल्यांचा एक मोठा ओघ आता हिंजवडी, बाणेर, खराडीकडे वळतो. औषध बाजारात आल्यावर जगभरातून येणाऱ्या दुष्परिणामांच्या तक्रारी तपासून, नीट मांडून, देशोदेशींच्या नियामकांकडे वेळेत पोचवण्याचं काम तिथे चालतं. त्याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात, बोलण्यात नुसतं 'पीव्ही'. नातेवाइकांना ते कळत नाही. त्यांच्या लेखी हिंजवडी म्हणजे आयटी, आणि 'दुकानात गोळ्या विकणारी' एका महिन्यात 'आयटीतली' झाली. लग्नाच्या बाजारात या बदलाचं मोल किती असतं ते पुण्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

काम तसं हुशारीचं. तक्रार ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात: ओळखता येईल असा रुग्ण, ओळखता येईल असा कळवणारा, संशयित औषध आणि घडलेला त्रास. मग त्या त्रासाला मेडड्रा या शब्दकोशातला नेमका संकेत लावायचा, घटना गंभीर आहे का ठरवायचं, संगतवार निवेदन लिहायचं. गंभीर आणि माहितीपत्रकात नसलेला दुष्परिणाम असेल तर तो साधारणपणे पंधरा दिवसांत नियामकाकडे गेलाच पाहिजे. गर्भवतींनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळांना जन्मतः अपंग केल्यानंतर १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने दुष्परिणामांच्या नोंदींचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आज हिंजवडीत बसून लिहिलेली प्रत्येक केस त्याच साखळीत जाते. हे काम कारकुनी आहे असं म्हणणाऱ्यांशी माझा कडकडीत मतभेद आहे.

तरीही चार वर्षांत ती आतून विझत गेली. दिवसाला ठरलेल्या केसेस, दर आठवड्याला क्वालिटीचा शेरा, संकेत एका पातळीने चुकला तरी मेल. ते तिला जड नव्हतं. जड होता फॉर्ममधला एक रकाना: रुग्णाचं पुढे काय झालं. बहुतेक वेळा तिथे 'अज्ञात' निवडावं लागायचं. दूरच्या कुठल्या गावात एका बाईच्या अंगावर औषधाने फोड उठले, ती इस्पितळात दाखल झाली, आणि पुढे? पाठपुराव्याचं पत्र दुसरी टीम पाठवणार, उत्तर आलं तर ती केस त्या दिवशी ज्याच्या वाट्याला येईल त्याच्याकडे जाणार. आजी परत येऊन "त्या मॅडम कुठायत" विचारतील अशी इथे सोय नव्हती.

हॉस्पिटल, आणि २१ हा आकडा

नवऱ्याची नोकरी स्थिर झाली, मुलगी बालवाडीत जाऊ लागली, आणि तिने कमी पगारावर हॉस्पिटल फार्मसी धरली. इथे रुग्ण जिना चढून गेलं की वरच्या वॉर्डात होता.

प्रत्यक्षात तिच्या वाट्याला इंडेंट आला, म्हणजे वॉर्डाची औषधांची मागणी. वॉर्डातून मागणी येते, ट्रॉली भरायची, पाठवायची, उरलेलं परत घ्यायचं. फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का पाहायचं, क्रॅश कार्ट (तातडीच्या उपचारांची ट्रॉली) तपासायची, सारख्या नावांच्या आणि सारख्या दिसणाऱ्या औषधांना वेगळी लेबलं लावायची, पोटॅशियम क्लोराइडची तीव्र व्हायल वॉर्डात मोकळी पडणार नाही हे बघायचं. फार्मसी तळघरात होती, तिथे खिडकी नव्हती.

पाचव्या महिन्यात एक इंडेंट आला. एनॉक्सापॅरिन, रक्ताच्या गुठळीवरचं इंजेक्शन, ६० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. पायातल्या शिरेत गुठळी झालेल्या ७६ वर्षांच्या बाई, वजन ५८ किलो. वजनाच्या हिशोबाने डोस बरोबर. पण तिने सवयीने लॅबचा रिपोर्ट उघडला: क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारा रक्तातला घटक, २.१. मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा अंदाज देणारं कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचं सूत्र कागदावर मांडलं. १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), स्त्री म्हणून ०.८५ ने गुणलं. उत्तर मिनिटाला साधारण २१ मिलिलिटर. ३० च्या खाली आकडा गेला की मूत्रपिंड हे औषध वेळेत बाहेर टाकत नाही, ते साचतं, रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून डोस दिवसातून एकदाच द्यायचा असतो.

तिने वॉर्डात फोन केला. ड्युटीवरचे निवासी डॉक्टर म्हणाले, "सरांना विचारतो." दुसऱ्या दिवशी इंडेंट आला: ६० मिलिग्रॅम, दर १२ तासांनी. तिने पुन्हा फोन केला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, डॉक्टरांना माहितीये." तिसऱ्या दिवशी त्या बाई दुसऱ्या मजल्यावर हलल्या आणि तो इंडेंट तिच्या शिफ्टला येणं थांबलं. आपलं बरोबर होतं की चूक, त्या बाईंचं काय झालं, काही कळलं नाही. हिंजवडीतला 'अज्ञात' इथेही आला होता, निम्म्या पगारात. राजीनाम्याची सुरुवात त्या आठवड्यात झाली, कागद तीन महिन्यांनी निघाला एवढंच.

फार्मसी प्रमुख शहाणे निघाले. "किती वाढवून हवेत?" असं न विचारता त्यांनी विचारलं, "इथे कधी असं वाटलं का, की आपण नसतो तरी चाललं असतं?" तिने एनॉक्सापॅरिनची गोष्ट सांगितली.

त्यांनी रेकॉर्ड रूममधून फाइल मागवली. औषधाच्या तक्त्यावर पहिल्याच दिवशी संध्याकाळी 'दर १२ तासांनी' खोडून 'दिवसातून एकदा' केलं होतं, खाली सल्लागार डॉक्टरांची सही आणि 'फार्मसीने कळवल्यावरून'. वॉर्डातल्या संगणकावरची जुनी मागणी कोणी बदलली नव्हती, म्हणून इंडेंट तसाच येत राहिला, आणि रोज जास्तीची एक सिरिंज रिटर्नच्या खोक्यातून तळघरात परत येत होती. तो खोका रात्रपाळीतला सहकारी रिकामा करायचा. रुग्ण बरी होऊन घरी गेली होती.

म्हणजे तिचं म्हणणं ऐकलं गेलं होतं. ती सोडून ते सगळ्यांना माहीत होतं.

मोजपट्टी कोणती लावायची

नोकरीतल्या समाधानावर बोलताना मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांची १९५९ची मांडणी हमखास निघते. पगार, वरिष्ठ, कामाची जागा हे बिघडलं की माणूस नाराज होतो, पण ते सुधारल्याने कामात जीव ओततोच असं नाही. त्यासाठी कामातच काही असावं लागतं. या प्रकरणात ही मांडणी अर्धीच उपयोगी पडते. पुण्यात घराचा हप्ता आणि शाळेची फी भरणाऱ्या बाईला पगार ही नुसती नाराजी टाळणारी गोष्ट नसते. घरात आणि माहेरी आपल्या शब्दाला किती वजन, ते त्यावर ठरतं.

मला जास्त पटते ती रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांची सत्तरच्या दशकातली मोजपट्टी. कामात कौशल्यांचं वैविध्य किती, एखादं काम सुरुवातीपासून शेवटापर्यंत आपल्या हातून जातं का, त्याचा कोणाच्या आयुष्यावर परिणाम होतो का, या तिन्हींची सरासरी काढायची. मग तिला दोन गोष्टींनी गुणायचं: स्वतः ठरवण्याची मुभा, आणि केलेल्या कामाचं पुढे काय झालं ते कामातूनच कळणं. गुणाकार असल्यामुळे शेवटच्या दोनांपैकी एक तळाला गेलं की बाकीच्यांनी कितीही ओढलं तरी उत्तर वर येत नाही. पुढच्या अभ्यासांत साधी बेरीज तितकंच किंवा अधिक चांगलं सांगते असं दिसलं, हे खरं; पण या बाईच्या नोकरीच्या सहा-सात वर्षांना गुणाकारच लागू पडतो.

दुकानात वैविध्य भरपूर होतं आणि पुढे काय झालं तेही कळत होतं, कारण गिऱ्हाईक परत येतं. तळाला होती मुभा: तिचा नकार कोणीही मोडू शकत होतं. हिंजवडीत कामाचं महत्त्व निर्विवाद, मुभा ठरलेल्या नियमांपुरती, आणि कळणं जवळजवळ शून्य. क्वालिटीचा शेरा यायचा, पण तो फॉर्म कसा भरला याबद्दल, रुग्णाबद्दल नाही. दोन्हींमध्ये फरक आहे आणि कंपन्या तो हमखास विसरतात. हॉस्पिटलात महत्त्व सर्वांत जवळ होतं, बोलण्याची मुभाही होती, फक्त कळण्याची वाट रिटर्नच्या खोक्यात अडकली होती.

म्हणूनच 'दुकानात समाधान कमी, हॉस्पिटलात जास्त, पीव्हीत पैसा' अशी मांडणी मला अपुरी वाटते. तिच्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण जुन्नर तालुक्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी आहे. साठा कधी येतो कधी नाही, कागदपत्रं ढीगभर, पण मधुमेहाची कोणती म्हातारी दोन महिने फिरकली नाही ते तिला तोंडपाठ असतं, आणि ती आशाताईंना सांगून त्या म्हातारीला बोलावून घेते. तिला विचारलं तर ती बदली मागणार नाही.

काय बदललं

प्रमुखांनी तीन गोष्टी केल्या. फार्मासिस्टने डॉक्टरांना केलेल्या प्रत्येक सूचनेची एक वही सुरू झाली. त्यात शेवटचा रकाना 'पुढे काय झालं', आणि तो चोवीस तासांत वॉर्डानेच भरायचा. सूचना मानली नसेल तर का, तेही. आठवड्यातून तीन दिवस ती अतिदक्षता विभागाच्या सकाळच्या राउंडला जाऊ लागली. आणि औषध व उपचार समितीच्या मासिक बैठकीत या वहीतल्या निवडक नोंदी ती स्वतः मांडू लागली.

पहिल्या राउंडला एका ज्येष्ठ सर्जननी तिला वळून विचारलं, "तुम्ही कोण?" तिने सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यात त्याच सर्जननी व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाच्या डोसबद्दल तिला फोन केला. ज्या सूचना मान्य होत नाहीत त्यांचाही तिला आता त्रास होत नाही. एकदा तिने एका प्रतिजैविकाचा डोस कमी करायला सुचवलं, डॉक्टरांनी रकान्यात लिहिलं: 'मूत्रपिंड सुधारतंय, उद्या पुन्हा बघू.' तिला ते पटलं. नकारही चालतो, कारणासह आला पाहिजे.

तिने राजीनामा मागे घेतला. क्लिनिकल कामाचा थोडा भत्ता मिळाला, पण हिंजवडीच्या आकड्याच्या तो जवळपासही नाही. प्रमुखांनी व्यवस्थापनाला स्पष्ट लिहिलं आहे की रकाना वाढवून पगाराचा प्रश्न सुटत नाही, तो पुढे ढकलला जातो. मला हे पत्र या प्रकरणातला सर्वांत प्रामाणिक कागद वाटतो. कामाला अर्थ आहे म्हणून माणसं स्वस्तात राबवायची, ही सवय शिक्षणात आणि आरोग्यसेवेत फार जुनी आहे.

एक अडचण मात्र कोणी आधी ओळखली नव्हती. ती राउंडला जाते तेव्हा तिचा काउंटर रात्रपाळीतला तो सहकारी दिवसा येऊन सांभाळतो. डी. फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा), त्याच हॉस्पिटलात अकरा वर्षं. रिटर्नच्या सिरिंजा मोजणारा हाच. समितीत तिची नोंद वाचली गेली त्या दिवशी तो प्रमुखांकडे गेला आणि म्हणाला, "सर, ताईंचं बरोबर आहे. पण रोज एक सिरिंज परत येतेय हे मी पण बघत होतो. मला कोणी विचारलंच नाही." तो हिंजवडीला जाऊ शकत नाही, तिथे पदवी लागते. म्हणून त्याच्या नाराजीचा राजीनामा कधी निघणार नाही आणि कुठल्या आकडेवारीत ती दिसणारही नाही.

आता रिटर्नची नोंद वहीला जोडली आहे आणि ती त्याच्याकडे दिली आहे. मागणी आणि परत आलेला माल यांत सलग दोन दिवस तफावत दिसली की तो वॉर्डात फोन करतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांचे डोस कसे बदलतात ते ती त्याला दुपारच्या जेवणानंतर शिकवते. त्याने राउंडला कधी जायचं, यावर समितीत अजून एकमत नाही. दोन डॉक्टरांचा डिप्लोमावाला नको असा आग्रह आहे, प्रमुखांचा त्याला विरोध आहे. व्यवस्थापनाने पगाराच्या पत्राला मार्चच्या बैठकीत उत्तर देऊ असं कळवलं आहे, आणि तिने हिंजवडीतल्या जुन्या मॅनेजरला तोवर थांबायची विनंती केली आहे.